पायाळू येईपर्यंत

गव्हाचं पोतं ओट्यावर चढवताना मामांच्या पाठीत डाव्या बाजूला कळ आली आणि ते तसेच वाकलेले राहिले. ही मंगळवारची गोष्ट. गुरुवारी दुपारी त्यांची भाची सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी पोहोचली, तेव्हा मामा पडवीतल्या खांबाला टेकून उभे होते. कमरेला जुनं उपरणं आवळलेलं, डोळे गल्लीच्या टोकाकडे. वाट भाचीची नव्हती. खालच्या आळीतला एक वडापवाला पायाळू आहे, म्हणजे आईच्या पोटातून पायांकडून आलेला. त्याने दुखऱ्या जागी पाय लावला की उसण उतरते, असं गावात पिढ्यान् पिढ्या मानतात. साताऱ्याची खेप संपवून तो पाचला येणार होता.

भाची एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. मामा एसटीतून निवृत्त झालेले वाहक, वय ६८. पाच वाजेपर्यंत पडवीत जो वाद रंगला, तो महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत होत असतो. फरक एवढाच, की इथे दोघंही एकमेकांचं ऐकत होते.

"आली डॉक्टरीणबाई. आता मला त्या मशिनीच्या बोगद्यात घालणार."

"कशाला घालू? जरा पुढे वाका बघू."

मामा वाकले आणि कण्हले. मग तिने त्यांना मागे झुकवलं, डावीकडे-उजवीकडे वळवलं, खाटेवर निजवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला. निजल्यावर बरं वाटतं का, रात्री कूस बदलताना जाग येते का, कळ पायात उतरते का, ताप, लघवीला जळजळ, असं सगळं विचारलं. शेवटी कण्याच्या डावीकडच्या ताठरलेल्या स्नायूवर अंगठा दाबला, तेव्हा मामा ओरडलेच.

"उसणच आहे, मामा. तुमचं बरोबर आहे."

मामांना हे अपेक्षित नव्हतं. क्षणभर ते गप्प राहिले, मग म्हणाले, "मग पायाळूला नावं का ठेवता तुम्ही लोक?"

"नावं ठेवत नाही. उसण भरली की माणूस एक-दोन दिवस सोसतो, तिसऱ्या दिवशी पायाळूला बोलावतो. उतार पडायचा काळही नेमका तोच असतो. त्याने पाय लावला नसता तरी तुम्हाला रविवारपर्यंत बरंच हलकं वाटलं असतं. माझी भीती वेगळी आहे. म्हातारपणी हाडं विरळ होतात. एसटीच्या मागच्या बाकावर बसलेली आजी खड्ड्यात गाडी आदळली की मणका मोडून घेते आणि तिला वाटतं चमक भरली. तिच्या पाठीला लाथ लागली तर काय होईल?"

मामांनी मान हलवली. मागच्या बाकावरून उसळलेल्या म्हाताऱ्या त्यांनी पाहिल्या होत्या.

पाठ एकाच बाजूला का दुखावी, याचं सगळ्यात साधं उत्तर त्यांच्याच नोकरीत होतं. पूर्वीचा वाहक म्हणजे एका खांद्यावर चिल्लरीने जड झालेली चामडी पिशवी, हातात तिकिटांची पेटी, आणि हलत्या गाडीत एका पायावर भार देऊन सीटच्या दांडीला टेकलेली कंबर. वर्षानुवर्षं तोच खांदा, तोच पाय. कमरेवर कळशी घेणारी बाई, एकाच कडेवर मूल वागवणारी आई, एका खांद्यावर पंप अडकवून फवारणी करणारा गडी, सगळ्यांची गत हीच. कण्याच्या दोन्ही बाजूंना स्नायूंचे जाड पट्टे असतात, प्रत्येक मणक्याला मागच्या बाजूला दोन छोटे सांधे असतात, आणि कमरेखाली माकडहाडाच्या वर दोन्हीकडे कटीचे सांधे. लचक भरते ती यातल्या एका बाजूला. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवून तासन् तास बसणाऱ्यांच्या पायात उतरणाऱ्या कळेवर १९७८ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात टिपण आलं होतं. हे ऐकल्यावर मामांचा हात आपसूक मागच्या खिशाकडे गेला.

"आमच्या डेपोत एक ड्रायव्हर होता," ते म्हणाले. "कंबर धरली म्हणून दवाखान्यात गेला. फोटो काढला, गादी सरकली म्हणाले, ऑपरेशन केलं. दोन वर्षांनी पुन्हा तेच दुखणं. गेला नसता तर बरं झालं असतं."

भाचीने वाद घातला नाही. उलट त्यांच्या हातात आणखी एक पुरावा दिला. १९९४ साली अमेरिकेत ९८ माणसांच्या कमरेचं एमआरआय केलं. यातल्या कोणाचीच पाठ दुखत नव्हती. तरी ५२ टक्के जणांच्या कण्यात किमान एका जागी गादी फुगलेली निघाली आणि २७ टक्के जणांत ती बाहेर डोकावत होती. म्हणजे चित्रात गादी सरकलेली दिसली एवढ्यावरून दुखणं तिचंच आहे, असं होत नाही.

"बघ!" मामा म्हणाले.

"आणि पुढच्याच वर्षी हेलसिंकीत महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवर एक अभ्यास झाला. सगळ्यांची कंबर नुकतीच धरली होती. काहींना दोन दिवस अंथरुणावर झोपवलं, काहींना व्यायाम दिले, बाकीच्यांना सांगितलं, जमेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवा. सगळ्यात लवकर बरे झाले ते हे शेवटचे. झोपवलेले मागे पडले."

"आम्हाला झोपायला रजा कुठे होती? पट्टा बांधायचा आणि ड्युटीवर जायचं."

इथपर्यंत मामांची बाजू भक्कम होती आणि ती भक्कमच मानायला हवी. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, आणि त्यातल्या बहुतेकांच्या पाठीत धोकादायक काही नव्हतं. साधी उसण काही आठवड्यांत ओसरते. तिला शेक, थोडी हालचाल आणि धीर पुरतो. पहिल्याच दिवशी घाबरून पदरी पुरेसा पैसा नसताना तपासण्यांच्या मागे धावणारा माणूस आणि पाठीला पाय लावून घेणारा माणूस, दोघांचीही पाठ बहुधा सारख्याच दिवसांत बरी होते.

मामांची गाडी मात्र इथून पुढे सुटली. "म्हणजे पाठ ती पाठ. डावी दुखली काय नि उजवी दुखली काय. शेक द्यायचा, तेल चोळायचं, आठ दिवस सोसायचं."

"नाही," भाची म्हणाली. "पाठीत दुखतं ते सगळं पाठीचं नसतं."

तिने त्यांच्या हाताची बोटं धरून त्यांच्याच पाठीवर फिरवली. शेवटची बरगडी, कण्याशेजारचा उभा स्नायू, आणि दोन्ही जिथे भेटतात तो कोपरा. त्या कोपऱ्याच्या आत मूत्रपिंड. उजवं डाव्यापेक्षा किंचित खाली, कारण वर यकृत बसलेलं असतं. "तुमची उसण हालचालीचं ऐकते. वाकलात की ओरडते, निजलात की गप्प बसते. मूत्रपिंडाचं दुखणं ऐकत नाही. बसा, उठा, निजा, ते आपल्या मर्जीने येतं-जातं. पेशंटने पाठीवर हात ठेवला की मी पहिलं हेच विचारते. कुठल्या अंगावर आराम पडतो? 'कुठल्याच नाही' म्हणाला, की मी सावध होते."

मामांना हे पटायला वेळ लागला नाही, कारण त्यांनी ते पाहिलं होतं. एका मुक्कामी गाडीवर त्यांचा ड्रायव्हर पहाटे दोन वाजता फरशीवर लोळत होता. बसवेना, उभं राहवेना, कळ बरगडीखालून निघून जांघेत उतरायची, ओकारी यायची, मग पंधरा-वीस मिनिटं शांत, की पुन्हा लाट. मुतखडा होता. गव्हाच्या दाण्याएवढा.

"एवढासा खडा आणि एवढा दांडगा माणूस," मामा अजूनही नवलाने म्हणाले.

"मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी नळी वीतभर लांब आणि जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. तिच्यात अडकला की मागे लघवी तुंबते आणि मूत्रपिंड ताणलं जातं, कळ त्या ताणाची. पाच मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुधा आपले आपण पडतात. पण कळेबरोबर थंडी-ताप आला, तर तो खडा त्याच रात्री दवाखान्यात नेण्याचा. खड्याच्या मागे पू साचलेला असतो, नुसत्या गोळ्या तिथे पोचत नाहीत. नळी टाकून वाट मोकळी करावी लागते, नाहीतर विष रक्तात पसरतं. लघवी बंद झाली, किंवा माणसाला मूत्रपिंड एकच असलं, तरी तसंच."

एसटीत पाणी कोण पितं, हा मामांचा प्रश्न होता. पाणी प्यायलं तर गाडी थांबवणार कुठे? उन्हाळ्यात सहा-सहा तास कोरडे काढायचे. बायकांचं तर त्याहून कठीण, शेतात, बाजारात, प्रवासात आडोसा मिळेपर्यंत थांबायचं. खडे आणि जंतुसंसर्ग यांची शेती अशीच होते, आणि यात पेशंटचा दोष कमी असतो.

मग निघाला विषय गोळ्यांचा. डेपोजवळच्या दुकानातून पाठीसाठी डायक्लोफेनॅक मागून घ्यायचं, हे मामांनी वीस वर्षं केलं होतं. भाचीने गिधाडांची गोष्ट काढली. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात ९९ टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. कारण २००४ साली उलगडलं. गुरांना हेच औषध टोचलेलं असायचं, मेलेली गुरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ साली जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद झालं. माणसाचं मूत्रपिंड गिधाडापेक्षा चिवट आहे. मुतखड्याच्या कळेवर डॉक्टर हीच औषधं मुद्दाम देतातही. पण अंगात पाणी कमी, साखर-रक्तदाबाचा आजार, आणि रोजच्या रोज गोळी, हे तिन्ही एकत्र आले की तेच औषध मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतं. पाठ दुखायची थांबते आणि आत दुसरंच काही सुरू होतं.

या गोष्टीला एक जुना धागाही आहे. एका बाजूच्या नितंबातून मांडीमागून पोटरीपर्यंत उतरणाऱ्या कळेला चरकसंहितेत गृध्रसी म्हटलं आहे. गृध्र म्हणजे गिधाड. त्या दुखण्याचा माणूस गिधाडासारखा पाय ओढत चालतो, अशी त्या नावाची फोड वैद्य सांगतात. आज तिलाच सायटिका म्हणतात, कण्यातून निघणारी शीर दबल्याने होणारी. तीही बहुधा महिना-दीड महिन्यात निवळते. "पण पायातली चप्पल निसटून गेली आणि कळलंच नाही, असं कोणी सांगितलं तर थांबायचं नाही," भाची म्हणाली. "पाऊल लुळं पडत असतं. आणि सायकलच्या सीटवर टेकतो तेवढी जागा बधिर झाली, लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, तर सकाळचीही वाट बघायची नाही. काही तासांचा खेळ असतो. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा जन्माचा जातो."

मामांना एकदम त्यांची आई आठवली. तिच्या पाठीच्या उजव्या अंगाला आग पडायची, पदर लागला तरी सहन व्हायचा नाही. दोन दिवस उसण म्हणून चोळलं. तिसऱ्या दिवशी पुरळ उठलं, पाठीपासून छातीखाली पट्टा. नागीण. मग गेरूचा लेप, आणि नागिणीचं तोंड शेपटीला मिळू नये म्हणून देवाला नारळ.

"मिळालं असतं तर आई गेली असती, असं सगळे म्हणायचे."

"मिळत नाही ते, मामा. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू कण्याशेजारच्या शिरेच्या मुळाशी झोपून राहतो. म्हातारपणी अंगातली ताकद कमी झाली की एखाद्या शिरेतून जागा होतो. प्रत्येक शीर शरीराच्या आपल्याच अर्ध्या भागात पसरते. म्हणून पट्टा एका बाजूचा, मधली रेघ ओलांडत नाही. भीती तोंड-शेपटीची नाही, मागे राहणाऱ्या आगीची आहे."

आई पुढे वर्षभर पदर सावरत राहिली होती, हे मामांना माहीत होतं. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरच्या गोळ्या सुरू केल्या तर नागीण लवकर आवरते, हे त्या वेळी घरात कोणालाच माहीत नव्हतं. काही वेळ पडवीत कोणी बोललं नाही.

शेवटी मामांनी जो मुद्दा काढला, तो त्यांचा सगळ्यात खरा मुद्दा होता.

"अगं, हे सगळं लक्षात ठेवून माणसाने जगायचं कसं? ऊसतोडीवरच्या बाईची पाठ रोजच दुखते. तिने काय रोज दवाखाना गाठायचा? गेली तर त्या दिवसाची मजुरी बुडाली, वर जीपचं भाडं, सोनोग्राफीचे पैसे. उसण म्हणण्यात अडाणीपणा नाही, परवडणं आहे."

भाचीने हे खोडून काढलं नाही. तिच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभ्या असणाऱ्या बायका तिने रोज पाहिलेल्या असतात. ती म्हणाली, "म्हणूनच सांगते, प्रत्येक दुखण्याला यायचं नाही. वाकताना दुखतं, निजलं की थांबतं, दिवसागणिक कमी होतं, त्याला घरीच राहू दे. पण कमी होण्याऐवजी वाढत गेलं, किंवा महिना दीड महिना झाला तरी तसंच राहिलं, तर एकदा दाखवायचं. रात्री झोपेतून उठवणारं, संध्याकाळी कणकण, वजन उतरतंय, असं असेल तर महिनासुद्धा थांबायचं नाही. मणक्याचा क्षय असाच येतो, खोकला नसतो काही नसतो. लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जनने १७७९ साली त्याचं वर्णन लिहून ठेवलं, आणि आपल्याकडे तो अजून आहे. जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. वर्षभर घ्यावी लागतात, पण माणूस चालता राहतो."

असं म्हणून तिने मामांना पुन्हा निजवलं आणि बेंबीच्या वर, किंचित डावीकडे दोन्ही हातांची बोटं खोल दाबून ती गप्प राहिली.

"आता हे काय?"

"पंचावन्नाव्या वर्षापर्यंत बिड्या ओढल्यात ना?" पोटातली मोठी रोहिणी, धडाकडून पायांकडे रक्त नेणारी, साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत साठीनंतर ती फुग्यासारखी फुगू शकते. दुखतं ते बऱ्याचदा डाव्या कुशीत, म्हणून मुतखडा समजला जातो. साठीनंतर पहिल्यांदाच 'मुतखडा' झालेल्या बिडीवाल्याकडे डॉक्टर म्हणून संशयाने पाहतात. आल्बर्ट आईनस्टाईन यांना हेच झालं होतं. १९४८ साली सर्जनने तो फुगा सेलोफेनमध्ये गुंडाळला, सहा वर्षं निभावली, आणि एप्रिल १९५५ मध्ये तो फुटून ते गेले. ब्रिटनमध्ये पुरुषाला ६५ व्या वर्षी एकदा यासाठी सोनोग्राफीला बोलावतात. मामांच्या पोटात हाताला तसं काही लागलं नाही. "पण हाताने सगळं कळत नाही. एकदा सोनोग्राफी करू. घाई नाही, पुढच्या महिन्यात चालेल."

मामी चहा घेऊन आल्या. मार्चच्या उन्हात त्यांनी अंगाभोवती शाल गुंडाळली होती. भाचीच्या ते दुपारपासून लक्षात येत होतं, आणि दोन तासांत मामी चारदा परसात जाऊन आल्या होत्या, तेही. पण वादाच्या भरात विचारायचं राहून गेलं होतं. चूक तिची होती आणि तिने ती पुढे कबूलही केली.

"आणि उजवीकडे असलं तर?" मामींनी विचारलं.

"कोणाचं?"

"माझं. कुठल्याच अंगावर बरं वाटत नाही."

उन्हाळी लागून पाच दिवस झाले होते. धने-जिऱ्याचं पाणी चालू होतं. काल रात्री हुडहुडी भरली, सकाळी एकदा उलटी झाली. साखरेच्या गोळ्या कालपासून घेतल्या नव्हत्या, खाणंच जात नव्हतं. भाचीने पिशवीतून तापमापी काढली. १०२. उजव्या बरगडीखालच्या त्या कोपऱ्यावर तिने मुठीने हलकेच ठोकलं, आणि मामींनी खांब धरला.

"मूत्रपिंडापर्यंत जंतू चढलेत. साखर असलेल्या माणसाला हे घरी ठेवायचं नाही. आत्ता निघायचं. लघवी आणि रक्त तपासायचं, साखर बघायची, सोनोग्राफीत खडा अडकलेला नाही ना ते बघायचं, आणि शिरेतून औषध सुरू करायचं."

"उद्याची पहिली गाडी..." मामा बोलायला लागले आणि थांबले. मग मामींकडे वळून म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुमचं चाललं होतं ना दुखणं."

गल्लीच्या टोकाला हॉर्न वाजला. पायाळू आला होता, सवयीने चप्पल बाहेर काढून पडवीत चढला आणि विचारता झाला, कुठे भरलीय.

"पाय राहू दे," मामा म्हणाले. "गाडी फिरव. साताऱ्याला जायचंय, सरकारी दवाखान्यात."

मामींना पुढे बसवलं, मागे आदळआपट जास्त म्हणून. भाचीने साखरेच्या गोळ्यांची पिशवी, जुनी फाइल आणि पाण्याची बाटली घेतली. तुम्ही घरी थांबा असं तिने मामांना सांगून पाहिलं, पण ते एका हाताने कंबर आणि दुसऱ्याने दांडी धरून मागे चढलेच होते. बसल्यावर त्यांनी मागचं दार ओढून घेतलं आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली.